गंगेचा गडू, सडकं वांगं आणि वडिलांची जखम

प्रश्न : वडील 68 वर्षांचे, मधुमेही. पायाची जखम दोन महिने भरत नाही. कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहतात त्यात) सुडोमोनास नावाचा जिवाणू आला. रिपोर्टमध्ये कोलिस्टिन सोडलं तर सगळ्या औषधांपुढे 'आर', म्हणजे रेझिस्टंट, औषध लागू पडत नाही. जॉर्जियात फाज नावाच्या विषाणूंचं औषध मिळतं, ते भाचा मागवून देतो म्हणतो. आई म्हणते, तेच विषाणू गंगाजलात असतात, देवघरातला गडू फोडून जखम धुऊ या. काय करावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : गडू देवघरातच राहू दे. आईंचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही हं. 1896 साली आग्र्याला हँकिन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे (कॉलऱ्याचे) जंतू मरतात असं नोंदवलं होतं. पण पटकीच्या जंतूवरचा फाज सुडोमोनासला हातही लावत नाही. शिवाय त्या पाण्यातलं बाकीचं काय काय उघड्या जखमेत जाईल ते वेगळंच.

फाजला जिवाणूभक्षक म्हणतात, पण तो खातबित काही नाही. जिवाणूला चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो, आत त्याची पिल्लावळ होते आणि जिवाणू फुटतो. माझी 26 वर्षं लॅबमध्ये गेली. जंतू वाढवायच्या काचेच्या ताटलीवर, म्हणजे प्लेटवर, जिवाणूंची दाट साय धरलेली असते. तिच्यावर फाजचा थेंब टाकला की दुसऱ्या दिवशी तिथे स्वच्छ भोक, कसर लागलेल्या शालीसारखं. आता शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचा सुडोमोनास घ्या, थेंब तोच टाका. साय जशीच्या तशी! म्हणून भाच्याची बाटली तुमच्या वडिलांच्या जंतूवर चालेल की नाही, हे प्लेटवर पाहिल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही.

जॉर्जिया देशाच्या राजधानीत, तिबिलिसीच्या एलियावा संस्थेत 1923 पासून हे काम चालतं. आपल्याकडचे काही रुग्णही तिथे जाऊन आलेत. पण मला आवडते ती लंडनची हकिगत. फुप्फुसं बदललेल्या एका मुलीच्या जंतुसंसर्गावर कुठलंच औषध लागू पडेना, तेव्हा अमेरिकेत पिट्सबर्गला फाजचे अभ्यासक हॅटफुल यांच्या लॅबमधल्या साठ्यातून शोधशोधून तीन फाज निवडले. त्यातला एक, 'मडी', दक्षिण आफ्रिकेत सडक्या वांग्याच्या बुडाशी सापडलेला! 2018 मध्ये उपचार सुरू झाले. जखमा भरत आल्या, पण जंतू पुरता गेला नाही, हेही सांगायला हवं. तीन अशासाठी, की एकाला जिवाणू लवकरच चकवायला शिकतो.

तुमच्या बाबतीत मला आधी रिपोर्टबद्दलच शंका आहे. जखमेवरून नुसता बोळा फिरवून नमुना घेतला असेल, तर वरवरचे जंतू उगवतात, खरा गुन्हेगार आत राहतो. सर्जनकडून मेलेला भाग काढून घ्या आणि आतल्या मांसाचा तुकडा कल्चरला पाठवा. पायाच्या रक्तपुरवठ्याचा डॉपलर (रक्तप्रवाह तपासायची सोनोग्राफी) करा, साखर बघा. रक्त पोचत नसेल तर तिथे औषध कुठून पोचणार? आणि लॅबला आजच फोन करा : वडिलांचा जंतू फ्रीझरमध्ये जपून ठेवा म्हणावं. आम्ही लॅबवाले थोड्या दिवसांनी प्लेटी ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेत जंतू मारून) टाकतो; उद्या फाज जुळवायची वेळ आली, तर तोच जंतू लागेल.

रिपोर्टवर नमुन्यापुढे 'स्वॅब' (बोळा) लिहिलंय की 'टिश्यू' (मांसाचा तुकडा), तेवढं कळवा.