कोल्हापूरहून आम्ही नवरा-बायको न्यूझीलंडला जातोय. भाड्याची गाडी स्वतः चालवणं जमेल का?

बिनधास्त घ्या. तिथंही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. आपल्या आरटीओतून दोघांचाही आंतरराष्ट्रीय परवाना काढा, तो १ वर्ष चालतो. गाडीच्या करारात वहिनींचंही नाव घाला, म्हणजे आलटून पालटून चालवता येईल. डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड लागतं.

जपायचं ते एकपदरी पुलांवर. बोर्डावर आपल्या दिशेचा बाण लहान, लाल असेल तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. पहिल्या पुलाशी मी गोंधळलो, तेवढ्यात बायको ओरडली, "अहो थांबा, लाल बाण आपला!" समोरून दुधाचा टँकर येत होता. शेजारच्या सीटवरचं माणूस असं जागं हवं.

ख्राइस्टचर्च शहर ते टेकापो तळं सुमारे सव्वादोनशे किलोमीटर, पण अर्धा दिवस ठेवाच. निळंशार तळं दिसलं की गाडी थांबवावीशी वाटतेच.