ग्रुपमधून ‘लेफ्ट’ झालेली मुलगी

“मॅडम, ती ग्रुपमधून लेफ्ट झाली.”

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच आई बोलून मोकळी झाली. पोळा होऊन दोन-तीन आठवडे झाले होते. नागपूरचा सप्टेंबर म्हणजे पाऊस उघडलेला, ऊन चटके देणारं आणि कूलर लावला तर अंग नुसतं चिकट. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. तो तसाच राहिला.

“आधी किती छान चाललं होतं हो. वाढदिवसांची बोलावणी, रोज फोन. आता कोणी विचारत नाही. तुम्ही तिला सांगा ना, जरा जमवून घे म्हणून.”

मी समुपदेशक आहे, आणि हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. शब्द तेवढे वेगळे असतात. आमचा एकटा पडतो. हिला मिक्स होता येत नाही. चारचौघांसारखं वागायला काय जातं हिचं? म्हणून ही गोष्ट लिहिते आहे, मुलीच्या आणि आईच्या परवानगीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून. मुलीला आपण रेवा म्हणू. वय तेरा, वर्ग आठवी, शाळा सीबीएसईची.

घर दोन वर्षांपूर्वी अमरावती जिल्ह्यातून नागपुरात आलेलं, प्रतापनगरकडे भाड्याचा फ्लॅट. शाळेत मुलांची आपसातली भाषा हिंदी, मध्ये मध्ये इंग्रजी. मराठी फक्त मराठीच्या तासाला, तीही पुस्तकातली. सातवीत असताना एकदा रेवाच्या तोंडून घरच्या वऱ्हाडीतलं “मले नाही माहीत” निघून गेलं. अख्खा बेंच हसला. कोणी तरी म्हणालं, “फिर से बोल ना!” ती पुन्हा बोलली. तिसऱ्यांदा बोलली तेव्हा आजीसारखा हात कमरेवर ठेवून बोलली, आणि तिथून ती वर्गात फेमस झाली. रिकाम्या तासाला फर्माईश यायची, “एक बार आजीवाला कर ना.” ती करायची. नवीन शाळेत वर्षभर एकटी डबा खाल्लेल्या पोरीला अचानक सहा जणींच्या घोळक्यात जागा मिळाली. त्या जागेचं भाडं काय, हे तेव्हा तिला कळण्यासारखं नव्हतं. तेराव्या वर्षी मलाही कळलं नसतं.

मग ऑगस्टमध्ये आजी आली, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. ऑपरेशन झालं, काळा चष्मा मिळाला. त्याच आठवड्यात रेवाच्या मैत्रिणी विज्ञानाच्या प्रोजेक्टसाठी घरी जमल्या. आजी स्वयंपाकघराच्या दारात आली, डोळ्यावर तो काळा चष्मा, हातात सांडशी, आणि म्हणाली, “काऊन वो पोरीहो, चहा घेता काय?” एकीनं फोटो काढला. रात्री आठपर्यंत ग्रुपवर त्याचा स्टिकर झाला होता. आजी कापून वेगळी केलेली, कापताना मागच्या पिठाच्या डब्याचा कोपरा खांद्याला चिकटून राहिलेला, आणि खाली जाड अक्षरात ‘काऊन वो?’. त्या रात्री तो स्टिकर चाळीस-एक वेळा फिरला. दुसऱ्या दिवशी दुपारी रेवा ग्रुपमधून बाहेर पडली. कारण कोणालाच सांगितलं नाही, आईलाही नाही.

हे सगळं मला पहिल्याच भेटीत कळलं, असं समजू नका. तुकड्यातुकड्यांनी कळलं.

रेवा पहिल्यांदा आली तेव्हा माझ्याशी हिंदीत बोलली. मी मराठीत, ती हिंदीत. स्टिकरची गोष्ट सांगितली तेव्हा मात्र फोनच काढून दाखवला. मी म्हणाले, “तू बाहेर पडलीस ते फार धीराचं काम केलंस.” वर तिला ठाम राहायला सांगितलं, त्यांना स्पष्ट सांग की हे तुला चालणार नाही म्हणून. आणि एवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं. आजी मोर्शीकडची. मोर्शी तालुक्यातलंच रिद्धपूर. तिथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं, मराठी गद्याची सुरुवात तिथून धरतात, आता सरकारनं मराठी भाषा विद्यापीठही तिथेच काढलं आहे. तर तुझ्या आजीच्या बोलीची लाज कशाला, हे सगळं मी तिला ऐकवलं. तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर शिक्षक मंडळी रोज शेवटच्या तासाला पाहत असतील.

तिनं माझं ऐकलं, हे जास्त वाईट झालं. मधल्या सुट्टीत एकटी जाऊन ती त्या सहा जणींना म्हणाली, “मुझे नहीं चलेगा.” उत्तर आलं, “मज़ाक था यार, इतना क्या!” त्या दिवसापासून ती वर्गात शिरली की कोणी ना कोणी हळूच म्हणायचं, “काऊन वो?” पुढच्या भेटीला ती आली नाही. आईचा फोन आला, सकाळपासून पोट दुखतं आहे. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही.

“नाटक तर नाही ना करून राहिली?” आईनं विचारलं. नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. स्कॅनरमध्ये झोपलेल्या माणसाला कॉम्प्युटरवर चेंडू फेकण्याचा साधा खेळ दिला, आणि थोड्या वेळानं बाकीच्या दोघांनी त्याच्याकडे चेंडू टाकणं बंद केलं. तेवढ्यानं मेंदूतला जो भाग जास्त सक्रिय झाला, तो शरीर दुखतं तेव्हाच्या त्रासाशीही जोडलेला आहे. खेळ कॉम्प्युटरवरचा, समोरची माणसं अनोळखी, तरी हे. इथे तर रोज साडेसात ते दीड त्याच वर्गात बसायचं. पोट दुखणारच.

चूक माझी होती, आणि कुठे झाली ते मला त्या रात्री भांडी विसळताना लक्षात आलं. आमच्या अभ्यासक्रमातला अगदी पहिल्या वर्षाचा प्रयोग मी विसरले होते. सॉलोमन अॅश या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात तो केला. एका खोलीत काही जण बसवले. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन, आणि या तिघींपैकी पहिलीएवढी कोणती, ते मोठ्यानं सांगायचं. बालवाडीतलं पोर सांगेल इतकं सोपं. पण त्या खोलीत खरा उमेदवार एकच, बाकी सगळे अॅशचे शिकवलेले. अठरापैकी बारा फेऱ्यांत ते एकमुखानं चुकीचं उत्तर देत. आपल्या डोळ्यांना स्पष्ट दिसत असताना चारातले साधारण तीन जण निदान एकदा तरी घोळक्याबरोबर वाहून गेले. त्या बारा फेऱ्यांतल्या उत्तरांपैकी तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त उत्तरं चुकली. आणि ही मोठी, कॉलेजात शिकणारी मुलं होती.

हा भाग सगळ्यांना पाठ असतो. मी विसरले होते तो पुढचा. अॅशनं त्या खोलीत आणखी एक माणूस बसवला, जो बरोबर उत्तर द्यायचा. फक्त एक. तेवढ्यानं वाहून जाण्याचं प्रमाण पाच-सहा टक्क्यांवर आलं. दुसऱ्या एका फेरफारात त्या जोडीदारानं उत्तरही चुकीचंच दिलं, पण घोळक्यापेक्षा वेगळं चुकीचं, तरी पकड बरीच सैल झाली. म्हणजे आपल्याशी सहमत माणूस मिळाला तर उत्तमच, पण ‘सगळे’ हा शब्द मोडला तरी बरंच काम होतं. आणि तो जोडीदार अर्ध्यावर पलीकडे गेला की आकडा पुन्हा वर चढायचा.

एकट्या मुलीला ‘ठाम राहा’ सांगून मी तिला त्याच खोलीत परत पाठवलं होतं, रोज सहा तासांसाठी.

पुढच्या भेटीला मी चौकटीची वही काढली आणि रेवाला वर्ग काढायला सांगितला. प्रत्येक बेंच, प्रत्येक जण. मग म्हटलं, ‘काऊन वो’ झालं की जे मोठ्यानं हसतात त्यांच्यावर फुली मार. तिला वाटत होतं अख्खा वर्ग हसतो. फुल्या झाल्या नऊ. बेचाळीस मुलांत नऊ. “बाकीचे काय करतात?” मी विचारलं. ती पेन्सिलचं टोक दाताखाली धरून बराच वेळ बसली. काही जण ऐकतच नाहीत. काही खाली बघतात. खिडकीकडच्या रांगेत तिसऱ्या बेंचवर तिची पेन्सिल थांबली.

“ही पण प्रोजेक्टला घरी आली होती,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच मराठीत. “आजीच्या हातचा कच्चा चिवडा हिनं दोनदा मागून घेतला.”

“तिनं स्टिकर टाकला होता?”

रेवानं आठवून पाहिलं. नव्हता.

त्याच कागदाच्या मागे मी तिला दोन याद्या करायला सांगितल्या, कोणासोबत डबा खायला आवडतं आणि वर्गात फेमस कोण. ही विचारण्याची पद्धत माझी नाही, मुलांच्या मैत्रीवर काम करणारे संशोधक कितीतरी वर्षं असं विचारत आले आहेत, आणि किशोरवयात या दोन याद्या बऱ्याचदा जुळत नाहीत असं त्यांना दिसलं. आवडणं वेगळं, वजन असणं वेगळं. रेवाच्या दुसऱ्या यादीत पहिलं नाव स्टिकर करणारीचं होतं. पहिल्या यादीत ते कुठेच नव्हतं. तिनं कागद दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला, म्हणाली काही नाही. मीही या वेळी लीळाचरित्र काढलं नाही.

काम इतकंच दिलं, दोन दिवस त्या तिसऱ्या बेंचवरच्या मुलीसोबत डबा खायचा. स्टिकरचं नाव काढायचं नाही, बाजू घे म्हणायचं नाही.

मधल्या काळात आईशी दोन बैठका झाल्या. त्यांना स्टिकर करणारीच्या आईला फोन करायचा होता. मी थांबवलं. अशा फोनचं पुढे काय होतं ते मी पाहिलं आहे: संध्याकाळी त्या घरात आरडाओरडा, सकाळी वर्गात ‘मम्मीको बता दिया’, आणि नऊच्या वीस फुल्या. पण प्रत्येक वेळी थांबा म्हणत नाही मी. मुलीचा स्वतःचा फोटो बिघडवून फिरवला, धमकी आली, पैसे मागितले, कोणी अंगाला हात लावला, तर स्क्रीनशॉट घेऊन थेट वर्गशिक्षिकेकडे आणि लेखी. आणि मूल जेवेनासं झालं, झोपेनासं झालं, ‘मी नसले तर बरं’ असं काही बोललं, तर माझ्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलतात.

दुसऱ्या बैठकीत मध्येच आईंचा फोन वाजला. त्या बाहेर पॅसेजमध्ये गेल्या. दार नीट लागत नाही आमचं, पावसाळ्यात फुगतं. “हाव, येतोच घरी. तू कायले उठतं व माय? गोयी घेतली काय?” आवाज इतका मोकळा आणि मऊ होता की मला क्षणभर वाटलं बाहेर दुसरंच कोणी उभं आहे. आत आल्या आणि खुर्चीत बसता बसता पुन्हा पुस्तकी मराठी सुरू.

मी सहज विचारलं, “पालक सभेला तुम्ही कशा बोलता?”

“शाळेत? छे!” त्या हसल्या. “तिथे तर मी बोलतच नाही जास्त.” मग पर्सची चेन लावत, जाता जाता सांगावं तसं म्हणाल्या, “त्या दिवशी पोरी येणार होत्या ना, तर मीच आईला म्हटलं होतं, बाहेर येऊ नको म्हणून. तिला राहवलं नाही. चहा विचारायला आलीच.”

चेन लागली होती तरी त्या उठल्या नाहीत. मी काही म्हटलं नाही. यावर समुपदेशकानं काही म्हणायचं नसतं असं पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही, पण मला सुचलंच नाही.

पुढे काय झालं? सिनेमासारखं काही नाही. घोळक्यानं माफी मागितली नाही, आणि रेवा त्या ग्रुपवर परत गेली नाही. डब्याला त्या दोघी एकत्र बसू लागल्या, आठवड्याभरात आणखी एक जण आली. पोटदुखी आधी कमी झाली, मग फक्त सोमवारची राहिली. दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा कोणी तरी वर्गात शिरता शिरता “काऊन वो?” म्हणालं, तर तिसऱ्या बेंचवरचीनं पुस्तकातून मान वर न करता “हाव, काय वो?” म्हणून उत्तर दिलं, जणू कोणी खरंच काही विचारलं होतं. त्यावर थोडे जण हसले, पण वेगळं हसले, असं रेवा सांगते. ती मुलगी नागपूरचीच, घरी सगळे हिंदी बोलणारे. उच्चार तिला जमला नव्हता.

शेवटच्या भेटीत रेवा बराच वेळ चपलेच्या पट्ट्याशी खेळत बसली. मग म्हणाली, “तो स्टिकर आला ना, तेव्हा मी पण हसले होते. सगळ्यात आधी मीच हसणारी इमोजी टाकली.” थोडं थांबून विचारलं, “आजीला सांगू का?”

इतके आठवडे ती हे घेऊन फिरत होती, आणि मी तिला धीराची मुलगी म्हणून मोकळी झाले होते. “तुला काय वाटतं?” मी विचारलं. तिनं खांदे उडवले.

तिनं सांगितलं. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आजी पुन्हा आली तेव्हा, संध्याकाळी वाती वळताना. सगळं सांगितलं, इमोजीसकट, आणि फोन पुढे केला. आजीनं तो हातभर लांब धरला, मग जवळ घेतला, मग पुन्हा लांब.

“हे मी होय?” आजी म्हणाली. “चष्मा काढल्यावर घ्याचा होता वो फोटू. अन् सांडशी कायले दाखोली?”