‘सनदशीर’ आणि ‘कायदेशीर’ यांतले अंतर

प्रश्न असा आहे : इंग्लंडमधील १८१६-१७ च्या हॅम्पडन क्लबांवरील एका लेखाचा अनुवाद करताना, हे क्लब संसदेच्या रचनेत आणि मताधिकारात सुधारणा व्हावी म्हणून ‘कॉन्स्टिट्यूशनल’ मार्गाने झटत होते, असे वाक्य आले. येथे ‘घटनात्मक’ लिहावे, ‘कायदेशीर’, ‘शांततामय’ की ‘सनदशीर’? आणि ‘क्लब’ला मराठीत काय म्हणावे?

माझे मत निःसंशय ‘सनदशीर’ला आहे. ‘घटनात्मक’ म्हटले की आपल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे १९५० साली अमलात आलेली राज्यघटना आणि तिची कलमे येतात. इंग्लंडला अशी एका ग्रंथात बांधलेली घटना तेव्हाही नव्हती, आजही नाही. क्लबांत जमणारे विणकर ज्याचा हवाला देत, ते १२१५ चा मॅग्ना कार्टा, १६८९ चे हक्कांचे बिल आणि वहिवाटीने चालत आलेले हक्क यांचे मिळून झालेले काहीतरी होते. सनद म्हणजे सत्ताधाऱ्याने हक्क लिहून दिल्याचा कागद. वतनाची सनद, इनामाची सनद हे प्रयोग जुन्या दप्तरांत पानोपानी सापडतात, आणि मॅग्ना कार्टा ही तर शब्दशः ‘मोठी सनद’च. तेव्हा सनदशीर मागणी म्हणजे नवे दान मागणे नव्हे, तर पूर्वीच कबूल झालेला हक्क दाखवून तो पाळण्यास सांगणे. (पुढे १८३८ मध्ये चार्टिस्टांनी, म्हणजे मताधिकारासाठी लढणाऱ्या इंग्लंडमधील कामगार चळवळीने, जी सनद पुढे केली, ती मात्र प्रजेनेच लिहून राज्यकर्त्यांपुढे ठेवली होती. त्यांना ‘सनदवादी’ म्हणायला माझी हरकत नाही.)

‘कायदेशीर’ का चालणार नाही, हे खुद्द क्लबांच्या नावातच दडले आहे. राजा पहिल्या चार्ल्सने संसदेच्या संमतीवाचून बसवलेली जहाजपट्टी भरण्यास जॉन हॅम्पडनने नकार दिला. १६३८ मध्ये बारापैकी सात न्यायाधीशांनी राजाच्या बाजूने कौल दिला. म्हणजे कायद्याने हॅम्पडन हरला, आणि सनदेच्या कैवाऱ्यांनी पावणेदोनशे वर्षांनी त्याचेच नाव घेतले.

याहून बोलके उदाहरण मँचेस्टरचे आहे. त्या वेळी एवढ्या मोठ्या शहराला संसदेत स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता, आणि ओल्ड सॅरमच्या ओसाड टेकडीला मात्र दोन होते. १० मार्च १८१७ रोजी मँचेस्टरचे विणकर पाठीवर घोंगडी बांधून, लंडनला पायी जाऊन अर्ज द्यावा म्हणून निघाले. दहापेक्षा अधिक माणसांनी मिळून अर्ज नेऊ नये असा १६६१ चा कायदा होता. तो मोडू नये म्हणून त्यांनी दहादहांच्या तुकड्या केल्या. तरी घोडदळाने त्यांना पांगवले आणि पुढाऱ्यांना अटक झाली. त्याच महिन्यात क्लबांचे कितीतरी अर्ज कॉमन्स सभागृहाने, ते हाताने लिहिलेले नसून छापील आहेत, एवढ्या कारणावरून नाकारले; सभाबंदीचा नवा कायदाही आला. कायदा आठवड्यागणिक बदलत होता, माणसे मात्र तीच आणि त्यांची रीतही तीच. म्हणून जे काल कायदेशीर होते ते आज बेकायदा ठरले, तरी सनदशीर राहिले.

हा भेद मराठीला नवा नाही. १९०७ च्या सुमारास गोखले सनदशीर चळवळीचा पुरस्कार करीत असताना टिळकांनी ‘केसरी’तून विचारले होते की, हिंदुस्थानाला सनदच नाही, आहे तो पिनल कोड, मग येथे सनदशीर कशाला म्हणायचे? वादात कोणाची बाजू घ्यायची ते सोडा. त्या पिढीला शब्दांची धार किती नेमकी ठाऊक होती, ते पाहण्याजोगे आहे. ‘शांततामय’ खोटे नाही, पण ते केवळ वागण्याचे वर्णन आहे, हक्काचे नाही.

‘क्लब’ विशेषनामात तसाच ठेवावा, कारण ‘मंडळ’ म्हटले की आज गणपती आठवतो आणि ‘सोसायटी’ म्हटले की पार्किंगची भांडणे. सामान्यनाम म्हणून ‘सभा’ मला जवळची वाटते. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० मध्ये स्थापन झाली, तेव्हा सभासदाला निदान पन्नास लोकांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणावा लागे. मँचेस्टर ज्यात येते त्या लँकशर परगण्यातील क्लबांनी १८१७ च्या जानेवारीत लंडनच्या बैठकीला आपले प्रतिनिधी पाठवले, त्याच जातीची ही कल्पना.

आपले वाक्य मी असे करीन : ‘गावोगावच्या या सुधारणा-सभा आठवड्याला एक पेनी वर्गणी गोळा करून, संसदेची पुनर्रचना आणि मताधिकाराचा विस्तार यांची मागणी सनदशीर मार्गाने करीत होत्या.’ वर्गणीचा उल्लेख मूळ वाक्यात नसेल, तर तेवढा गाळावा.