एपीआयमधून व्हीएमचा नेमका रिस्टोर पॉइंट कसा ओळखायचा?

तुमची अडचण मला अशी कळली: अझुर बॅकअप या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड बॅकअप सेवेच्या रेस्ट एपीआयमधून (प्रोग्रामने वेबवरून माहिती मागवायची सोय) व्हर्च्युअल मशीनच्या, म्हणजे व्हीएमच्या, रिकव्हरी पॉइंट्सची (ज्या क्षणाच्या स्थितीत मशीन परत आणता येतं अशा बॅकअपची) यादी मिळते, पण प्रत्येकाचं नाव म्हणजे नुसती आकड्यांची लांब ओळ. त्यातून ‘मंगळवारी रात्रीचा’ पॉइंट स्क्रिप्टने कसा उचलायचा? शिवाय एका मशीनचे जुने पॉइंट यादीत दिसतच नाहीत.

त्या आकड्यांत तारीख शोधू नका. तो फक्त आयडी आहे. रिस्टोरची विनंती पाठवताना यूआरएलमध्ये जसाच्या तसा घालायचा, आणि कोडमध्ये स्ट्रिंग म्हणूनच ठेवायचा. निवड करायची ती प्रत्येक पॉइंटसोबत आलेल्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या माहितीवरून.

यादीपर्यंतचा रस्ताही हाताने बांधू नका. यूआरएलमधल्या कंटेनर आणि प्रोटेक्टेड आयटम (बॅकअपखाली असलेलं मशीन) यांच्या नावांत रिसोर्स ग्रुप (अझुरमध्ये मशीन ज्या गटात असतं तो), मशीनचं नाव आणि मध्ये अर्धविराम असं सगळं गुंफलेलं असतं. एक अक्षर चुकलं की हाती काही लागत नाही. आधी व्हॉल्टला, म्हणजे बॅकअप साठवले जातात त्या जागेला, ‘बॅकअपप्रोटेक्टेडआयटम्स’ विचारा, आपलं मशीन ‘फ्रेंडलीनेम’वरून शोधा आणि उत्तरात आलेल्या पूर्ण आयडीच्या शेवटी ‘रिकव्हरीपॉइंट्स’ जोडा. उत्तरात ‘नेक्स्टलिंक’ (यादीच्या पुढच्या पानाचा दुवा) असेल तर पुढची पानंही आणा, नाहीतर अर्ध्या यादीवरच निर्णय होईल.

आता वेळ. ‘रिकव्हरीपॉइंटटाइम’ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते. इथे मी स्वतः पोळलो आहे. आमच्याकडे एका रात्री डेटाबेसचं अपग्रेड फसलं. माझी स्क्रिप्ट फक्त तारीख जुळवून पॉइंट निवडायची. आमची घड्याळं यूटीसीच्या पुढे. त्यामुळे मध्यरात्रीनंतर, म्हणजे अपग्रेड फसल्यानंतर, झालेल्या बॅकअपवर यूटीसीची आदल्या दिवसाची तारीख होती. स्क्रिप्टने तोच उचलला आणि आम्ही मोडलेला डेटाबेस तासभर खपून पुन्हा मोडलेलाच परत आणला. तेव्हापासून मी तारीख जुळवत नाही. घटनेचा क्षण यूटीसीत बदलायचा आणि त्याच्या आधीचा सर्वात अलीकडचा पॉइंट घ्यायचा, एवढंच. यादीच्या क्रमावरही विसंबत नाही, स्वतः सॉर्ट करतो. बॅकअपच्या पॉलिसीत (वेळापत्रकात) लिहिलेल्या वेळेवरून अंदाज बांधणंही नको, कारण ठरलेल्या वेळेनंतर २ तासांच्या आत केव्हाही बॅकअप सुरू होऊ शकतो.

वेळ जुळली तरी पॉइंट कामाचा आहे का, हे ‘रिकव्हरीपॉइंटटाइप’ सांगतो. अ‍ॅप्लिकेशन-कन्सिस्टंट असेल तर डेटाबेसने आपली लिहिण्याची कामं नीट उरकून घेतलेली असतात. विंडोजवर हे व्हीएसएस या विंडोजच्या स्नॅपशॉट सेवेमुळे होतं. लिनक्सवर बॅकअपच्या आधी आणि नंतर चालणाऱ्या स्क्रिप्ट जोडल्या नसतील तर फाइल-सिस्टिम-कन्सिस्टंट पॉइंट मिळतो, म्हणजे फाइल्स सुसंगत असतात, पण डेटाबेसची हमी नसते. क्रॅश-कन्सिस्टंट म्हणजे चालू मशीनची वीज गेल्यावर डिस्कवर जे उरतं ते. बॅकअपच्या वेळी मशीन बंद असेल तेव्हाही हाच शिक्का बसतो, आणि मग तो बिनधास्त चालतो. डेटाबेसच्या मशीनसाठी मी एक दिवस जुना पण अ‍ॅप-कन्सिस्टंट पॉइंट घ्यायचा की ताजा क्रॅश-कन्सिस्टंट, हा निर्णय स्क्रिप्टवर सोडत नाही. ती दोन्ही दाखवते, निवडतो माणूस.

‘रिकव्हरीपॉइंटटियरडिटेल्स’ही वाचा. एकच पॉइंट इन्स्टंट स्नॅपशॉटमध्ये (डिस्कची झटपट घेतलेली प्रत) आणि व्हॉल्टमध्ये अशा दोन्ही ठिकाणी असू शकतो, आणि प्रत्येक ठिकाणची स्थिती वेगळी लिहिलेली असते. स्नॅपशॉट वैध असेल तर रिस्टोर लवकर होतो. फक्त आर्काइव्हमध्ये, म्हणजे दीर्घकालीन साठ्यात, उरला असेल तर आधी तो तिथून बाहेर काढावा लागतो आणि त्यात काही तास जातात. वरिष्ठांना ‘अर्ध्या तासात मशीन उभं करतो’ असं सांगण्यापूर्वी हे बघा.

राहिलं ते जुने पॉइंट न दिसणारं मशीन. ते मधल्या काळात दुसऱ्या रिसोर्स ग्रुपमध्ये हलवलं होतं का? तसं असेल तर हलवल्यानंतर बॅकअप नव्याने सुरू करावा लागला असेल आणि नवा प्रोटेक्टेड आयटम तयार झाला असेल. जुना डेटा राखून ठेवला असेल, तर आधीचे पॉइंट व्हॉल्टमध्येच आहेत, पण जुन्या रिसोर्स ग्रुपच्या नावाखाली. ‘फ्रेंडलीनेम’ने शोधताना पहिला आयटम सापडला की थांबू नका, त्या नावाचे सगळे आयटम घ्या आणि प्रत्येकाची यादी मागवा.