ऑर्डरचं बटण दाबलं की साइट का अडकते?

प्रश्न : सर, मी आणि माझी नणंद मिळून घरचे बेदाणे विकतो. भाच्याने पीएचपीत साइट बनवून दिलीये, एरवी मस्त चालते पण दिवाळीच्या आधी ऑफर टाकली की फोटो पटापट येतात आणि ऑर्डरचं पान नुसतं फिरत राहतं, मग ५०४ असं येतं, लोक परत बटण दाबतात आणि एकाच माणसाच्या दोन-दोन ऑर्डरी पडतात. ऑर्डर झाली की ग्राहकाला एसएमएस जातो. भाचा म्हणतो एनजिनएक्स आणि पीएचपी-एफपीएम आहे, मॅक्स चिल्ड्रन ५ आहे. होस्टिंगवाला म्हणतो मोठा सर्व्हर घ्या. घेऊ का?
— एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : ताई, आत्ता अजिबात घेऊ नका, आधी हे वाचा आणि भाच्यालाही वाचायला द्या.

फोटो ही डिस्कवर पडलेली फाइल असते, एनजिनएक्स (ब्राउझरची मागणी, म्हणजे रिक्वेस्ट, आधी घेणारं वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर) ती उचलून देतं आणि मोकळं होतं. ऑर्डरचं पान मात्र तयार असं कुठेच ठेवलेलं नसतं, दरवेळी प्रोग्राम चालवून ते बनवावं लागतं. त्यासाठी एनजिनएक्स ती रिक्वेस्ट एफपीएमकडे (पीएचपीचे प्रोग्राम चालवणारा भाग) देतं आणि एफपीएमकडे तुमच्या बाबतीत जास्तीत जास्त पाच प्रोसेस, म्हणजे पाच कामगार, आहेत (मॅक्स चिल्ड्रन ५ म्हणजे हेच), एक प्रोसेस एका वेळी एकच रिक्वेस्ट घेते, ती संपेपर्यंत दुसरीकडे बघत नाही.

लासलगावला कांद्याच्या ट्रॅक्टरची रांग तुम्ही पाहिलीच असेल. समजा पाच भुईकाटे आहेत आणि वजन झाल्यावर ट्रॅक्टरवाला गाडी खाली न घेता काट्यावरच उभा राहून घरी फोन लावत बसला, तर मागचे सगळे अडकले की नाही? काटा बिघडलेला नाही, आणि मोठा काटा आणला तरी हा गडी फोनवरच असणार. तुमच्या साइटवर तो फोन म्हणजे एसएमएस, असा माझा दाट संशय आहे. ऑर्डर डेटाबेसमध्ये जायला क्षणभर लागतो, पण नंतर प्रोग्राम एसएमएस कंपनीच्या सर्व्हरकडून उत्तर येईपर्यंत तसाच थांबतो आणि तोवर ग्राहकाला पान जात नाही. हिशोब करा, एका ऑर्डरला ६ सेकंद धरले तर पाच प्रोसेस मिळून मिनिटाला फक्त ५० ऑर्डरी, आणि तेच काम ०.२ सेकंदात आटोपलं तर त्याच सर्व्हरवर मिनिटाला १५००!

रांगेत थांबून ६० सेकंद झाले की एनजिनएक्स कंटाळून ५०४, म्हणजे "वेळेत उत्तर आलं नाही", देतं (ही त्याची मुळातली सेटिंग आहे). पण पीएचपीला ते लगेच कळत नाही, मागे काम चालूच राहतं आणि ऑर्डर नोंदवलीही जाते. ग्राहकाला वाटतं झालं नाही, तो परत दाबतो, म्हणून दोन. यात ग्राहकाची काहीच चूक नाही, त्याला कृपया रागावू नका.

भाच्याला सांगा, ऑर्डर आली की ती डेटाबेसमध्ये लिहायची, "हा एसएमएस पाठवायचाय" अशी एक ओळ दुसऱ्या टेबलात टाकायची आणि ग्राहकाला लगेच ३०३ (ब्राउझरला दुसऱ्या पानावर जायचा इशारा) देऊन धन्यवादाच्या पानावर न्यायचं म्हणजे रिफ्रेश केलं तरी फॉर्म परत जात नाही. एसएमएस पाठवायचं काम क्रॉनमधून (ठरावीक वेळाने प्रोग्राम आपोआप चालवणारी सोय) वेगळ्या प्रोग्रामने करायचं, दोन मिनिटं उशीर झाला तर कुणाचं काही बिघडत नाही. फॉर्ममध्ये दरवेळी नवा टोकन (त्या फॉर्मचा वेगळा खूण-क्रमांक) ठेवायचा आणि डेटाबेसमध्ये त्यावर युनिक इंडेक्स (तोच क्रमांक दुसऱ्यांदा न घेण्याचा नियम) लावायचा, मग तोच फॉर्म दहादा आला तरी ऑर्डर एकच, हे तर आजच करून घ्या. आणि कर्लला (पीएचपीतून दुसऱ्या सर्व्हरशी बोलायचं साधन) टाइमआउट द्यायचा! पीएचपीत तो मुळात शून्य असतो, म्हणजे कितीही वेळ थांब, आणि पीएचपीची स्वतःची ३० सेकंदांची मर्यादा लिनक्सवर असं वाट बघण्यात गेलेला वेळ सहसा मोजतच नाही.

एवढं करूनही अडलं तर मॅक्स चिल्ड्रन वाढवा, पण रॅम बघून, कारण प्रत्येक प्रोसेस आपली मेमरी खाते, आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस असेल तर तिथेही मुळात १५१ कनेक्शनचीच मर्यादा असते.

प्रश्न : कॉलेजात अजून सीजीआय शिकवतात, आता ते कोण वापरतं? वेळ वाया जातोय असं वाटतं.
— विद्यार्थी, गंगापूर रोड

उत्तर : नाही रे, नीट शीक. सीजीआय (वेब सर्व्हरने बाहेरचा प्रोग्राम चालवायची पद्धत) १९९३ मध्ये एनसीएसए या अमेरिकेतल्या संगणक केंद्राच्या वेब सर्व्हरबरोबर आलं, त्यात प्रत्येक रिक्वेस्टला नवी प्रोसेस सुरू होते आणि उत्तर दिलं की मरते, गर्दीत हे फार महाग पडतं म्हणून मग प्रोसेस जिवंत ठेवणारं फास्टसीजीआय आलं आणि वरच्या ताईंच्या एफपीएममधला एफ तोच. पायथनने ३.१३ मध्ये सीजीआयचं मॉड्यूल काढून टाकलं हे खरं, पण रिक्वेस्ट मेथड, क्वेरी स्ट्रिंग ही त्या काळची नावं आजही पीएचपीच्या सर्व्हर अ‍ॅरेमध्ये आणि पायथनच्या डब्ल्यूएसजीआयमध्ये (वेब सर्व्हर आणि पायथनचा प्रोग्राम जोडायची पद्धत) जशीच्या तशी आहेत.

फ्रेमवर्क हे सगळं झाकून ठेवतं, म्हणून एकदा अपाचे या वेब सर्व्हरवर चार ओळींची शेल स्क्रिप्ट स्वतः लिही. मेथड एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून वाच, पोस्टचा डेटा स्टँडर्ड इनपुटवरून घे, कंटेंट-टाइप छाप, मग एक रिकामी ओळ, मग मजकूर. आणि ती रिकामी ओळ मुद्दाम काढून बघ, ५०० (सर्व्हरमध्ये चूक) येईल, तेव्हा एरर लॉग उघडून वाच.