कुठला मारुती?

प्रश्न : ताई, मी परभणीचा. जूनपासून सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतोय, एमपीएससीचा अभ्यास चालूये. अभ्यासिका, मेस, रूम, एवढंच आपलं पुणं. पण इथं कुणाला काही विचारायचं म्हणलं की पोटात गोळा येतो. परवा एका काकांना महापालिकेचा रस्ता विचारला तर म्हणे पीएमटीनं जा आणि नव्या पुलाला उतर. बसवर पीएमपीएमएल लिहिलेलं, आणि मॅपमध्ये नवा पूल काही सापडेना. दुपारी दोनला वही घ्यायला गेलो, शटर अर्धं उघडं होतं म्हणून वाकून विचारलं तर आतून आवाज, "पाटी वाचता येते ना?" आमच्याकडं दुकानदार आधी बसा म्हणतो हो. मला जमेल का इथं?

उत्तर : अरे, वही चारनंतर मिळाली ना? मग झालं! अर्धं शटर म्हणजे मालक आत जेवतोय किंवा आडवा झालाय, एक ते चार त्याच्या वाटेला जायचं नाही. तरी तो जरा नीट बोलू शकला असता, हे मी पुण्यात राहूनच म्हणतेय.

काकांचं मात्र काही चुकलं नाही. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी 2007 मध्ये एक होऊन पीएमपीएमएल झाली, पण लोकांच्या तोंडात पीएमटीच राहिली. आणि नवा पूल म्हणजे शनिवारवाड्याकडून महापालिकेकडे जाणारा शिवाजी पूल, तो 1923 चा आहे, शंभरी उलटली तरी नवाच. लकडी पुलात लाकूड शोधू नकोस, तेही सांगून ठेवते. पेठांचंही तेच, सातही वारांच्या पेठा आहेत पण त्या वारांच्या क्रमाने लागतील अशी आशा ठेवायची नाही.

आता कामाचं. इथे खुणा देवांच्या असतात. कुणी "मारुतीपाशी या" म्हटलं की लगेच विचार, कुठला? भिकारदास, पत्र्या, जिलब्या, सोन्या, सगळे वेगवेगळ्या ठिकाणी बसलेत. मी सांगलीहून आले त्या वर्षी निघाले पासोड्या विठोबाला आणि भर उन्हात पोचले उपाशी विठोबाला, मैत्रीण तिकडे बुधवार पेठेत तासभर उभी. (पासोड्या का, तर तिथे पासोड्या विकायचे. उपाशीचं विचारू नकोस, त्या दिवशी उपाशी मीच होते.) आणि पत्ता दुकानदाराला गिऱ्हाईक समोर असताना विचारायचा नाही, रिक्षा स्टँडवर किंवा पारावर बसलेल्या आजोबांना विचार, ते रस्ता सांगतील, वर परभणीत कुठले म्हणून चौकशीही करतील.

आणि हो, दिवाळीला गावी जाशील तर मेसच्या मावशींना खाडे आधीच सांग. परत आल्यावर सांगितलेले खाडे धरत नाहीत, आणि त्यावर वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं माझ्या तरी ऐकण्यात नाही.