पुण्याजवळ ग्रॅव्हल सायकलिंगसाठी माळरानातले आणि डोंगरपायथ्याचे कच्चे रस्ते कुठे आहेत?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात राहता, 38 मिमी टायरची हायब्रिड सायकल आहे, सिंहगड-पानशेतच्या गर्दीला वैतागलाय आणि शनिवार-रविवारी जाता येतील असे कच्चे रस्ते हवेत. माझं उत्तर सरळ आहे: पूर्वेला जा.

पुण्यातले बहुतेक सायकलवाले सवयीने पश्चिमेला वळतात, कारण फोटो तिकडे चांगले येतात. पण मावळ-मुळशीत आता वाड्यावस्त्यांपर्यंत डांबर पोचलंय. जिथे पोचलेलं नाही, तिथे चढ इतका उभा आणि वाट इतकी गोट्यांची की ते काम एमटीबीवाल्यांचं, म्हणजे डोंगरी सायकलवाल्यांचं. आपल्याला हवा असतो तो चाकांनी दाबून बसलेला मुरूम आणि लांबच लांब मंद चढउतार. तो पुरंदर, दौंड आणि बारामती तालुक्यांत भरपूर आहे.

रस्ता ठरवायच्या आधी माती बघायची सवय लावा. माळावरचा मुरूम म्हणजे झिजलेला बेसाल्ट. त्यात पाणी साचत नाही, झिरपून जातं. सकाळी सर येऊन गेली तरी दुपारी टायर छान पकडतो. नदीकाठच्या काळ्या मातीचं बरोबर उलट. कोरडी असताना ती गुळगुळीत, मस्त पळते. पण ओली झाली की टायरला थर चढत जातो, फोर्क आणि टायरमधली फट भरते आणि पन्नास पावलांत चाक फिरायचंच थांबतं. मग बाभळीची काटकी घेऊन खरवडत बसायचं, सायकल खांद्यावर मारायची आणि डांबर शोधायचं. म्हणून पाऊस पडून गेल्यावर नदीच्या बाजूला न उतरता माळाच्या उंच अंगाने जायचं.

आता वाटा. डोंगरपायथा हवा असेल तर पहाटे बोपदेव घाट चढून जा. पलीकडे भिवरी, पुढे गराडे, कोडीत आणि नारायणपूर असा पुरंदर किल्ल्याच्या उत्तरेचा पट्टा लागतो. कऱ्हा नदी याच भागात उगम पावते आणि गराड्याला तिच्यावर धरण आहे. गावांना जोडणारे मुख्य रस्ते डांबरीच आहेत, पण त्यांच्या मधे शेतांतून आणि ओढ्यांच्या कडेने जाणाऱ्या गाडीवाटांचं जाळं आहे. डावीकडे-उजवीकडे अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागा. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे ते उगाच नाही. हंगामात बांधावर कुणी फळ पुढे केलं तर नाही म्हणू नका.

दुसरा पायथा सोनोरीचा. दिवे घाटाच्या वर झेंडेवाडी आणि पलीकडे सोनोरी, मधे मल्हारगड. किल्ला छोटा, अठराव्या शतकाच्या मध्यावर बांधलेला, मराठेशाहीतल्या शेवटच्या किल्ल्यांपैकी एक. त्याच्या भोवतालची वाट मुरमाची, एकदोन ठिकाणी सायकल ढकलावी लागेल अशी. फक्त दिवे घाटाच्या मुख्य रस्त्याने जायचं टाळा. तो पालखी महामार्ग आहे. ट्रक आणि त्यांची धूळ दोन्ही खाल. आषाढी वारीच्या दिवसांत सासवड-जेजुरी-नीरा हा पट्टाच सोडून द्या. तो रस्ता तेव्हा वारकऱ्यांचा.

माझ्या आवडीचा भाग मात्र त्याच्याही पूर्वेचा. उरुळी कांचनहून शिंदवणे घाट चढलात की वर वाघापूर, आंबळे, माळशिरस असा उघडा माळ पसरलेला आहे. (हे माळशिरस पुरंदर तालुक्यातलं. सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरसचा ट्रॅक डाउनलोड करून घोळ घालू नका.) माळशिरसजवळच्या टेकडीवर भुलेश्वराचं यादवकालीन मंदिर आहे. आतल्या अंधारात शिल्पं नीट दिसायला डोळ्यांना थोडा वेळ द्यावा लागतो; स्त्रीरूपातला गणपती आवर्जून शोधा. भुलेश्वराहून यवतकडे उतरा किंवा माळानेच जेजुरीकडे निघा, दोन्ही चालतं.

जेजुरीपासून मोरगाव डांबरी रस्त्याने साधारण 17 किमी आहे, पण नाझरे धरणाच्या बाजूने शिवाररस्ते धरत गेलात तर अंतर वाढतं आणि गाड्या जवळपास संपतात. मोरगावच्या पुढे सुपे, आणि सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य. आकाराने जेमतेम पाच चौरस किलोमीटर, सगळं गवत आणि खुरटी झाडी, चिंकाऱ्यांसाठी राखलेलं. अभयारण्याच्या आत सायकल घालू नका. गरजही नाही, कारण चिंकारे बाहेरच्या माळावरही दिसतात. बारकी शेपटी सारखी हलत असते, तीच आधी नजरेत येते. थांबा, पाय टेकवा, गप्प उभे राहा. त्याच्या मागे सायकल दामटणारे महाभाग मी पाहिलेत. अशा माणसांमुळेच उद्या सगळ्यांना बंदी होते.

अगदी सपाट हवं असेल तर कालवे. खडकवासल्याचा नवा मुठा उजवा कालवा लोणी काळभोर, यवतवरून दौंड-इंदापूरकडे जातो. नीरा डावा कालवा वडगाव निंबाळकरवरून बारामतीकडे. दोन्हींच्या भरावावर पाटबंधारे खात्याची ये-जा करायची वाट आहे, कुठे मुरूम तर कुठे नुसती माती. कालवा उताराने वाहतो पण तो उतार इतका अलगद असतो की पायांना कळत नाही, वारा मात्र कळतो. आवर्तन सुटलेलं असताना, म्हणजे शेतीसाठी धरणातून पाणी सोडलेलं असताना, पाणी काठोकाठ असतं, कठडा नसतो आणि काठ सिमेंटचा असेल तर शेवाळामुळे आत पडलेल्याला वर येणं अवघड. तेव्हा पाण्याच्या अगदी कडेने जायचं नाही, आणि एकट्याने तर नाहीच. उसाच्या पट्ट्यात भल्या पहाटे आणि संध्याकाळी उशिरा शिरू नका. दौंड, शिरूर, जुन्नरच्या उसात बिबट्या आता राहायलाच आलाय. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अरुंद वाटेवर समोर येतात, तेव्हा आपणच खाली उतरायचं.

वळणावळणाचा नकाशा मी मुद्दाम देत नाही. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेत बऱ्याच पाणंदींवर खडीकरण झालंय, काहींचं अजून चालू आहे. गेल्या वर्षीची मऊ वाट यंदा मुठीएवढ्या खडीची निघू शकते, आणि अशा खडीवर 38 चा टायर रडवतो. त्यापेक्षा उपग्रहाच्या चित्रात वाट बघा आणि गावनकाशाशी ताडून पाहा. गावनकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. दुहेरी रेषा असेल तर सहसा कुणी अडवत नाही. एकेरी असेल तर पुढे कुणाच्या तरी विहिरीपाशी वाट संपायची तयारी ठेवा. तिथे माणूस भेटला की पहिला प्रश्न "केवढ्याला घेतली?" आणि दुसरा "गेअर किती?" दोन्हींची उत्तरं मोकळेपणाने दिलीत की पुढची वाट तोच सांगतो, आणि ती ॲपपेक्षा बरी असते.

सायकल बदलायची गरज नाही. मागच्या गिअरचं सर्वांत मोठं चक्र 34 किंवा त्याहून जास्त दात्यांचं असलं की वरचे घाट निघतात. टायर ट्यूबचे असतील आणि तुमचं वजन सत्तरच्या आसपास असेल तर हवेचा दाब मागे 45-50 पीएसआय, पुढे पाचएक कमी. ट्यूबलेस असतील तर आणखी उतरवा. खरा शत्रू काटा. बांधावर टाकलेल्या बाभळीच्या फांद्या, येडी बाभूळ आणि पावसाळा सरल्यावर वाळलेले सराटे. ट्यूबवाल्यांनी दोन ट्यूब, पॅच आणि एक चिमटा ठेवायचाच. टायरमधून मोडका काटा बोटाने निघत नाही आणि तो तसाच राहिला की नवी ट्यूबही गेली.

मेंढरांचा कळप दिसला की लांबूनच उतरा. धनगराची कुत्री राखणीची असतात, पळणाऱ्या चाकावर हमखास येतात. सायकल कुत्रा आणि आपल्या मधे धरून चालत राहा, मेंढपाळाला हाक मारा. तो एक शीळ घालतो आणि विषय संपतो.

हंगाम म्हणाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. पण जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिम धुक्यात आणि धबधब्याच्या गर्दीत बुडालेली असते, तेव्हाही सुपे-मोरगावचा पर्जन्यछायेतला माळ बहुतेक दिवशी कोरडा आणि हिरवा सापडतो. एप्रिल-मेमध्ये दहाच्या आत घरी. माळावर सावली नाही आणि दोन गावांमधे टपरीही नसते, म्हणून दोन बाटल्या भरून घ्या आणि सुप्याला किंवा मोरगावला परत भरा.

पहिल्या वेळी गाडीवर सायकल टाकून जेजुरीला या आणि मोरगाव-सुपे करून परत फिरा. जमलं तर पुढच्या वेळी उरुळी कांचनहून सुरुवात करा.